पालकसभेत तुमचं नाव १७ मेच्या समितीत आलं तर

नॉर्वेतल्या शाळेत सप्टेंबरातल्या पालकसभेत वर्गशिक्षिका डबा, पावसाळी कपडे, उवा, गृहपाठ असे विषय उरकते आणि शेवटी कामांची यादी पडद्यावर लावते. वर्गप्रतिनिधी, त्यांचे बदली, नाताळच्या कार्यक्रमाला तिघं-चौघं, आणि ‘सुत्तेंदे मै कोमिते’, म्हणजे १७ मेची, राष्ट्रीय दिनाची समिती. या ओळीपाशी खोलीतला आवाज खाली येतो. नॉर्वेत नव्याने आलेल्या पालकाला वाटतं, राष्ट्रीय दिन सरकार साजरा करतं, आपण जाऊन बघायचं. इथे तसं नाही. गावोगावी हा दिवस शाळेचे पालक उभा करतात. कॉफी कोण उकळणार, मिरवणुकीत झेंडा कोण धरणार, मुलांच्या शर्यतीची पोती कोण धुऊन वाळवणार, हे सगळं आईबापांनीच ठरवायचं असतं. समिती कोणत्या इयत्तेकडे हे शाळेच्या रिवाजावर असतं, पण प्राथमिक शाळेच्या सात वर्षांत एकदा तरी पाळी येतेच.

माझं स्पष्ट मत आहे की पाळी येण्याची वाट बघू नये, आपणहून हात वर करावा. भाषा कच्ची असली तरी चालतं. नुसतं फुटपाथवर उभं राहून हा दिवस बघणं आणि त्यात एक काम अंगावर घेणं यात फार फरक आहे. पुढे लिहिलंय ते त्या कामाच्या क्रमाने.

आधी थोडा इतिहास, कारण समितीच्या बैठकीत त्याचे उल्लेख सहज येतात. १८१४ च्या जानेवारीत कीलच्या तहाने डेन्मार्कच्या राजाने नॉर्वे स्वीडनला देऊन टाकला. नॉर्वेजियन लोकांनी एइड्सवोल या गावी ११२ प्रतिनिधींची सभा भरवली आणि १७ मे रोजी स्वतःची राज्यघटना मंजूर केली. तरी त्याच वर्षी स्वीडनशी एका राजाखालचं संयुक्त राज्य पत्करावं लागलंच, आणि ते १९०५ पर्यंत टिकलं. राजा कार्ल योहानला हा दिवस साजरा झालेला आवडत नसे. १८२९ मध्ये राजधानीच्या चौकात जमलेल्या लोकांवर घोडदळ घालण्यात आलं. आज ज्या रस्त्यावरून ऑस्लोतली मुलांची मिरवणूक जाते, त्या रस्त्याला त्याच राजाचं नाव आहे. मुलांची पहिली मोठी मिरवणूक राजधानीत १८७० मध्ये निघाली, तेव्हा फक्त मुलगे होते. मुलींना १८८९ पासून घेतलं. जर्मन ताब्याच्या काळात, १९४० ते १९४५, हे सगळं बंद होतं. युद्ध संपलं ८ मे १९४५ ला आणि नऊ दिवसांनी १७ मे आली. त्या वर्षाच्या आठवणी वयस्कर शेजारी अजून सांगतात, त्या ऐकायला वेळ काढा.

आपल्याकडच्या पंधरा ऑगस्टच्या प्रभातफेरीला जवळचं असं काही जगात असेल तर ते इथलं ‘बार्नेतोग’, मुलांची मिरवणूक. रणगाडे नाहीत, तोफगाड्या नाहीत. शाळेचा ध्वज, वाद्यपथक, त्यामागे वर्गावर्गाने मुलं आणि प्रत्येकाच्या हातात छोटा झेंडा.

समितीची पहिली बैठक साधारण जानेवारीत होते, रात्री आठला, मुलं झोपल्यावर. आदल्या समितीकडून एक फाइल मिळते, हल्ली बहुतेक सामायिक फोल्डर. त्यातला सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे मागच्या वर्षी काय किती विकलं गेलं आणि काय उरलं त्याचा तक्ता. तो नसेल तर आधीच्या समितीच्या लोकांना लगेच फोन करा. एप्रिलमध्ये त्यांनाही आकडे आठवत नाहीत.

बँकेचं काम मात्र सगळ्यात आधी हातात घ्यावं. शाळेत रोख पैसे घेऊन येणारे आता थोडे. सगळे ‘व्हिप्स’ या मोबाइल ॲपने देतात. समितीला व्हिप्स क्रमांक हवा तर संघटनेच्या नावावर बँक खातं हवं, खात्यासाठी संघटना क्रमांक हवा, आणि तो ब्रन्नोयसुंद इथल्या सरकारी नोंदवहीतून मिळतो. बहुतेक शाळांत पालक कार्यकारिणीकडे, म्हणजे ‘फाऊ’कडे, हे सगळं आधीपासून असतं. अडतं ते इथे: खजिनदार बदलला की नव्या माणसाची नोंद ‘आल्तिन’ या सरकारी संकेतस्थळावरून करावी लागते, ती नोंद झाल्यावर बँक नव्या माणसाची ओळख तपासते आणि मगच खात्यावर हक्क मिळतो. यात आठवडे सहज जातात. मार्च संपता संपता सुरुवात केली तर १७ मेला जुन्या खजिनदाराच्या मागे फिरावं लागतं, आणि तो तोवर दुसऱ्या गावी राहायला गेलेला असतो. नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी आणखी एक गोष्ट. तुमचं स्वतःचं व्हिप्स चालू व्हायला अकरा अंकी ओळख क्रमांक आणि नॉर्वेजियन बँकेचं खातं लागतं. ते हातात येईपर्यंत १७ मेला खिशात १० आणि २० क्रोनची नाणी ठेवा. क्रोन हे इथलं चलन.

फेब्रुवारीत मुख्याध्यापकांकडून लेखी विचारून घ्यायचं: व्यायामशाळा, स्वयंपाकघर, स्वच्छतागृहं आणि पटांगण किती ते किती वाजेपर्यंत मिळेल, किल्ल्या कोणाकडे राहतील, धोक्याची घंटा कोण बंद करेल. पाऊस आला तर सगळे व्यायामशाळेत घुसतात. तिथे एका वेळी किती माणसं चालतील याची आगसुरक्षेची मर्यादा असते, तो आकडा माहीत हवा. रस्त्यावरून मिरवणूक काढायची तर पोलिसांना आधी कळवावं लागतं. कुठे हे नगरपालिकेची समिती सगळ्या शाळांसाठी एकदम करते, कुठे शाळेने करायचं असतं. दोघांनाही वाटतं दुसऱ्याने केलंय, म्हणून हा प्रश्न बैठकीच्या इतिवृत्तात नावासह लिहा.

वाद्यपथक म्हणजे ‘कोर्प्स’. शाळेचं स्वतःचं असेल तर उत्तम, नसेल तर शेजारच्या शाळेचं ठरवावं लागतं. ही मुलं १७ मेला पहाटेपासून वाजवत असतात. काही भागांत सकाळी सातलाच गल्लीतून वाजवत लोकांना उठवतात. त्यामुळे त्यांच्या वेळा हिवाळ्यातच भरतात. आणि कोर्प्समधल्या मुलांच्या पालकांना समितीचं दुसरं काम देऊ नका. ते दिवसभर वाद्यं आणि गणवेश वाहत असतात.

मार्चमध्ये कामाच्या पाळ्यांची यादी करायची. बिनपैशाच्या सामूहिक कामाला इथे ‘दुग्नाद’ म्हणतात आणि त्याला नाही म्हणणं रीतीला धरून नाही. एक पाळी एक ते दीड तासाची ठेवा, त्याहून लांब नको. स्वतःच्या मुलाबरोबर खेळायला वेळ मिळाला नाही तर पालक चिडतात, आणि त्यांचं चुकत नाही. पाळ्या लावताना मिरवणुकीची वेळ मोकळी सोडा. मिरवणूक परत यायच्या क्षणी कॉफी तयार हवी, म्हणून त्या वेळी स्वयंपाकघरात थांबायला असे लोक शोधा ज्यांची मुलं अजून बालवाडीत आहेत, नाहीतर सरळ एखाद्या वर्गाचे आजी-आजोबा. यादी स्पोन्डसारख्या ॲपवर टाकली तरी छापील प्रत स्वयंपाकघराच्या दारावर लावा. काम करणाऱ्यांचे हात ओले असतात.

भाषेची काळजी असणाऱ्यांनी कोणतं काम मागावं? ‘फिस्केदाम’ हा लहान मुलांचा खेळ आहे. उभ्या चादरीच्या पलीकडे मूल गळ टाकतं आणि मागे बसलेला माणूस दोरीच्या चिमट्याला बक्षिसाची पिशवी अडकवून हिसका देतो. मागे बसलेल्याला एक शब्दही बोलावा लागत नाही. पण मी सांगेन, केक विकायच्या टेबलावर उभे राहा. ‘किती?’, ‘कोणता?’, ‘यात अंडं आहे का?’ एवढ्याच वाक्यांची तिथे शंभरदा उजळणी होते. अख्ख्या शाळेचे पालक समोरून जातात, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात लोक तुम्हाला नावाने हाक मारतात.

एप्रिलच्या सुरुवातीला मागणी नोंदवायची. सॉसेज, म्हणजे ‘पोल्से’, हा या दिवसाचा कणा. मुलं दिवसभर तेच आणि आइस्क्रीम खातात. पुरवठादाराशी बोलताना विचारा: न उघडलेली खोकी परत घ्याल का, आइस्क्रीमसाठी डीपफ्रीझर भाड्याने द्याल का, तो १६ तारखेला किती वाजता येईल आणि सुट्टीनंतर कधी नेणार. परत घेत असतील तर मागच्या वर्षीपेक्षा थोडं जास्त मागवा, नसतील तर तेवढंच. ऊन पडलं की आइस्क्रीम संपतं आणि पाऊस पडला की कॉफी आणि सॉसेज. म्हणून मागच्या तक्त्यावर त्या दिवसाचं हवामानही लिहिलेलं असावं.

साधं पोल्से बहुतेक डुकराच्या मांसाचं, त्यात कधी गोमांसही असतं. आपल्याकडच्या अनेक घरांना दोन्ही चालत नाही. कोंबडीचं आणि शाकाहारी असे दोन्ही प्रकार मिळतात. समितीत आपला माणूस असेल तर त्याने ते मागवावेत, वेगळ्या भांड्यात गरम करावेत, वेगळा चिमटा ठेवावा आणि भांड्यावर ठळक पाटी लावावी. पाटी नसेल तर गर्दीत चिमटे अदलाबदल होतात आणि मग कोणी खात्री देऊ शकत नाही. बक्षिसांच्या गोळ्यांचंही तेच: मऊ, रबरासारख्या गोळ्यांत बहुधा डुकराचं जिलेटिन असतं. पाकिटावर वाचून घ्या, किंवा बक्षिसात फुगे, खडू, साबणाच्या फुग्यांच्या बाटल्या ठेवा.

केक पालक घरून आणतात. पत्रात लिहायचं की प्रत्येक केकवर चिठ्ठी हवी: गहू, दूध, अंडं, सुकामेवा. एखाद्या मुलाला सुकामेव्याची तीव्र ॲलर्जी असेल तर काही शाळा तो पूर्ण बंद ठेवतात, तेव्हा काजू घातलेली नानकटाईही चालत नाही. आधी विचारा. साध्या, वेलचीच्या नानकटाईला मात्र इथे भरपूर मागणी असते. वेलची नॉर्वेजियन बेकरीत रोजची आहे, त्यामुळे कोणाला ती परकी वाटत नाही.

मोठ्या मानाचा केक म्हणजे ‘क्रान्सेकाके’. बदामाच्या अठरा कड्या, खाली मोठी, वर लहान होत गेलेली, मध्ये पांढऱ्या आयसिंगच्या नागमोडी रेघा आणि बाजूंनी कागदी झेंडे. हा घरी करता येतो, आणि एकदा केला की दर वर्षी तुमच्याचकडे मागतात. ५०० ग्रॅम बदाम, त्यातले निम्मे सोललेले आणि निम्मे सालीसकट, ५०० ग्रॅम पिठीसाखर आणि तीन ते चार अंड्यांचा पांढरा भाग. बदाम मिक्सरमध्ये सलग फिरवले तर तेल सुटतं आणि कड्या जड होतात. थोडे थोडे, थांबत थांबत दळा, नाहीतर हाताने फिरवायच्या बदाम-गिरणीतून दोनदा काढा. पांढरा भाग एकदम ओतायचा नाही. अंडी लहान-मोठी असतात, आणि पीठ सैल झालं की कड्या भट्टीत पसरून एकमेकींना चिकटतात. पीठ रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. साचे सहा असतात, प्रत्येकात तीन कड्या. त्यांना लोणी लावून वर बारीक रवा भुरभुरवायचा, ही इथलीच पद्धत आहे आणि रवा तर आपल्या घरात असतोच. करंगळीएवढ्या जाडीच्या वळ्या करून साच्यात बसवा, टोकं नीट जोडा. २०० अंशावर मधल्या कप्प्यात आठ ते दहा मिनिटं. कडेला हलका सोनेरी रंग आला की बाहेर. दोन मिनिटं जास्त झाली तरी कड्या कडक होतात, आणि चांगला क्रान्सेकाके चिवट असावा लागतो. साच्यातच पूर्ण थंड होऊ द्या, गरम काढल्या तर मोडतात. नंतर डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवल्या तर चिवटपणा वाढतो, म्हणून हे काम मेच्या पहिल्या आठवड्यातच उरकून टाकता येतं. कडक झाल्याच तर बंद डब्यात पावाचा एक तुकडा टाकून ठेवा. आयसिंगला एक पांढरा भाग, मावेल तेवढी पिठीसाखर आणि लिंबाचे दोन थेंब. पिठात गहू नसतो, पण साच्यातला रवा गव्हाचाच असतो, त्यामुळे गहू न चालणाऱ्या मुलांसाठी करायचा तर रवा भुरभुरवू नका. अंडं आणि बदाम मात्र आहेत, ते चिठ्ठीवर लिहा, आणि रवा वापरला असेल तर गहूही.

१ मेलाही इथे सुट्टी असते, कामगार दिनाची. मराठी घरं त्या सुमारास महाराष्ट्र दिनासाठी एकत्र जमतात, तेव्हाच १७ मेच्या कपड्यांचं ठरवून टाकावं. नॉर्वेजियन लोक ‘बुनाद’ घालतात, आपापल्या प्रांताचा भरतकामाचा लोकरी पोशाख, चांदीच्या दागिन्यांसह. त्याची किंमत ३०,००० ते ७०,००० क्रोन सहज होते, म्हणून तो बहुधा पंधराव्या वर्षी एकदा शिवतात आणि आयुष्यभर वापरतात. परक्याने तो घालावाच अशी अपेक्षा नाही. अपेक्षा एवढीच की कपडे ठेवणीतले असावेत, जीन्स नको. साडी अगदी शोभते आणि लोक थांबून चौकशी करतात. पण ऑस्लोत सकाळी पाच अंश असू शकतात आणि गवत ओलं असतं. परकराखाली लोकरी लेगिंग्ज, पायात बंद बूट, निऱ्या नेहमीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर वर. दिवसभर चालायचं असेल तर नऊवारी जास्त सोयीची. पैठणी नेसायची तर पारदर्शक रेनकोट सोबत ठेवाच. बुनादवालेही तेच करतात. झेंड्याच्या रंगांची तांबडी-पांढरी-निळी फीत डाव्या बाजूला, छातीवर लावायची.

मोठी किराणा दुकानं १७ मेला बंद असतात. उघडे राहतात ते पेट्रोलपंप आणि छोटी खोपटी. साय आणि स्ट्रॉबेरी १६ च्या दुपारपर्यंत संपतात. रविवारीही दुकानं बंद असतात, म्हणून १७ मे कोणत्या वारी येते ते आधी बघा. २०२७ मध्ये ती सोमवारी आहे, आदला रविवार ‘पिन्से’चा, म्हणजे पेंटेकॉस्टचा ख्रिस्ती सण, आणि शनिवारी, १५ मेला, सणाच्या आदल्या दिवसाच्या नियमाने दुकानं दुपारी चारला मिटतात. म्हणजे १५ च्या दुपारनंतर थेट १८ च्या सकाळी दूध. त्या वर्षीच्या समितीने शुक्रवारीच सगळं घरात आणावं.

१६ तारखेची संध्याकाळ कामाची. टेबलं लावणं, दोऱ्या बांधणं, पटांगण झाडणं. गोठवलेलं पोल्से १५ लाच फ्रिजमध्ये उतरवलेलं असावं. या संध्याकाळी एक चाचणी करा जी जवळजवळ कोणी करत नाही: कॉफीची सगळी यंत्रं ज्या प्लगमध्ये लावायची त्याच प्लगमध्ये लावून एकदम सुरू करा. मोठं यंत्र सुमारे २,००० वॅट ओढतं. १६ अँपिअरच्या एका जोडणीवर ३,६०० वॅटच्या थोडं वरपर्यंत भार चालतो, म्हणजे एका जोडणीवर दोन यंत्रं लावली की भार जास्त होतो आणि फ्यूज उडू शकतो. जुन्या शाळांत १० अँपिअरच्या जोडण्या आहेत, तिथे एकच. दोन वेगवेगळे प्लग म्हणजे दोन जोडण्या असं नसतं. फ्यूजच्या पेटीतली यादी वाचून ठरवा आणि पेटीची किल्ली समितीच्या खिशात ठेवा, कारण १७ ला शाळेचा रखवालदार सुट्टीवर असतो. कॉफीचं प्रमाण लिटरला ६० ग्रॅम, आणि शंभर कपांना साधारण पंधरा लिटर पाणी.

आणि मग तो दिवस. सकाळी आठला झेंडा चढतो. मार्च ते ऑक्टोबर हीच वेळ, आणि उतरवायचा सूर्यास्ताला, पण रात्री नऊच्या पुढे नाही. ऑस्लोत तेव्हा सूर्य त्यानंतर मावळतो, म्हणून नऊ हीच वेळ धरावी. झेंडा जमिनीला टेकू द्यायचा नाही हे मुलांना आधीच सांगा. काठीवरून फाटून पडलेले कागदी झेंडे उचलत चाला, ते पायाखाली राहिलेले इथल्या लोकांना फार खटकतात. भेटेल त्याला ‘ग्रातुलेरेर मे दागेन’ म्हणायचं, आजच्या दिवसाचं अभिनंदन. अनोळखी माणसालाही, बसचालकालाही. एरवी शेजाऱ्याशीही जपून बोलणारा हा देश त्या दिवशी मोकळा होतो, आणि त्यात आपला आवाज मिसळला की परकेपणा खरंच हलका होतो.

शेजाऱ्यांनी सकाळच्या न्याहारीला बोलावलं तर वेळेवर जा आणि काहीतरी घेऊन जा. पाव, अंड्याची भुर्जी, धुरावलेला सामन मासा, फळं, असा बेत असतो. शाकाहारी घरांनी आपलं एक पातेलं नेलं तर सगळ्यांचीच सोय. पोहे थंड झाले तरी चालतात, उपमा नाही.

मिरवणुकीआधी पटांगणात वर्गवार रांगा लागतात. पुढे झेंडे, मग शाळेचा ध्वज, मग कोर्प्स, मग वर्ग. शाळेचा ध्वज सगळ्यात वरच्या वर्गातली मुलं धरतात. तो जड असतो आणि वाऱ्यात पालासारखा फुगतो, म्हणून बाजूच्या दोऱ्या धरायला दोघं आणि आळीपाळीने बदलायला आणखी दोघं नेमा. सर्वांत लहान मुलं कोर्प्सच्या अगदी मागे ठेवू नका, ढोलाच्या आवाजाने काही रडतात. छत्र्या रांगेत नकोत, मागच्यांना दिसत नाही. मुलांच्या खिशात पालकाचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी टाका. चालता चालता तीन-तीनदा ‘हुर्रा’ घालायचे असतात आणि राष्ट्रगीताचं सहसा पहिलं कडवं आणि शेवटची दोन कडवी म्हणतात. मुलांना ती शाळेत शिकवतात. पालकांनी निदान पहिलं कडवं पाठ करावं.

ऑस्लोत राहणाऱ्यांचं थोडं वेगळं. तिथल्या शाळा मध्यवर्ती मिरवणुकीत जातात. ती सकाळी दहाला निघते, कार्ल योहान रस्त्याने राजवाड्यापर्यंत जाते, आणि राजघराणं बाल्कनीतून तासन्‌तास हात हलवत उभं असतं. ही प्रथा १९०६ पासूनची. शंभराहून जास्त शाळा असतात, त्यामुळे आपली शाळा कोणत्या क्रमांकावर आहे ते आधी छापून येतं ते बघा. नाहीतर दोन तास आपलं मूल शोधण्यात जातात. नॅशनल थिएटर स्टेशनावर उतरू नका, एक-दोन स्टेशनं आधी उतरून चालत जा. ट्रामचे मार्ग त्या दिवशी बदललेले असतात. मुलांना निघण्याआधी शौचालयाला पाठवा आणि मिरवणूक संपल्यावर त्यांना कुठे घ्यायचं ते शिक्षिकेकडून लिहून घ्या. बर्गेनमध्ये मुलांची जुनी ढोलपथकं, ‘बुएकोर्प्स’, पाहण्यासारखी असतात. दुपारी अनेक शहरांत नागरिकांची वेगळी मिरवणूक निघते, तीत संस्था आणि मंडळं चालतात. आपल्या मंडळाला तीत जायचं असेल तर नगरपालिकेच्या समितीकडे वसंताच्या सुरुवातीलाच नाव द्यावं लागतं.

मिरवणूक शाळेत परतली की पुढचा अर्धा तास सगळ्यात अवघड. सगळ्यांना एकाच वेळी भूक लागलेली असते. पोल्सेचं पाणी उकळत ठेवायचं नाही. उकळलं की आतली वाफ साल फाडते. एकदा उकळी आणून आच बंद करा, मूठभर मीठ घाला म्हणजे चव पाण्यात उतरत नाही, आणि सॉसेज सोडून आठ-दहा मिनिटं ठेवा. नंतर ७५ ते ८० अंशावर राखा. घाईत थंड सॉसेजचा सगळा डोंगर एका भांड्यात ओतला की पाणी कोमट होतं आणि ऐन गर्दीत वीस मिनिटं काहीच विकायला राहत नाही. तीन भांडी, आळीपाळीने. पैशांची रांग आणि खाण्याची रांग वेगळी करा: आधी कूपन, मग पदार्थ. दर सगळे दहाच्या पटीत ठेवा. पोल्से ३०, केक २०, कॉफी २०, खेळाचं कूपन १०, असं काहीसं.

खेळ साधे असतात. चमच्यात बटाटा घेऊन पळणं, पोत्यातली शर्यत, डबे पाडणं, घोड्याचा नाल खुंटीवर टाकणं, रस्सीखेच. पोत्यांची शर्यत गवतावरच घ्या, डांबरावर गुडघे फुटतात. रस्सीखेचीत दोरी हाताला गुंडाळू देऊ नका. फिस्केदामला प्रत्येक मूल दोनदा तरी येतं, बक्षिसं त्या हिशेबाने भरा, आणि शाळेत न जाणाऱ्या लहानग्यांसाठी काही पिशव्या वेगळ्या ठेवा, कारण त्यांची पाळी शेवटी येते.

लाल किंवा निळ्या डगल्या-विजारीतली मोठी मुलं दिसतील, ती ‘रुस्स’, उच्च माध्यमिक शाळा संपवणारी. लहान मुलं त्यांच्या मागे त्यांची छापील कार्डं गोळा करत धावतात. कार्डांवरचे काही विनोद मोठ्यांचे असतात, घरी गेल्यावर एकदा नजर टाका.

तीनच्या सुमाराला कार्यक्रम संपतो आणि अनेक जण लगेच निघतात, म्हणून आवरण्याची पाळी यादीत सगळ्यात आधी भरून घ्यायला हवी. कॉफीयंत्रं रिकामी करून उघडी ठेवा. कचरा वर्गीकरण करून टाका. हरवलेल्या टोप्या, हातमोजे, झेंडे एका खोक्यात भरून कचेरीत. रोख पैसे दोघांनी मिळून मोजायचे, आकडा कागदावर लिहून दोघांनी सही करायची, तिथल्या तिथे. व्हिप्सचा अहवाल दुसऱ्या दिवशी उतरवून घ्या आणि पदार्थवार विक्रीशी जुळवा. उरलेली रक्कम बहुधा वरच्या वर्गाच्या सहलीला किंवा शाळेच्या खेळसाहित्याला जाते. ती कुठे जाणार हे आधीच्या पत्रात लिहिलेलं असेल तर विक्री चांगली होते.

शेवटचा कागद पुढच्या समितीसाठी, आणि तो आठवड्याच्या आत लिहावा: किती मागवलं, किती उरलं, किती वाजता काय संपलं, हवामान काय होतं, कोणत्या प्लगवर कोणतं यंत्र चाललं, फ्यूजपेटीची किल्ली कुणाकडे आहे. खजिनदार बदलणार असेल तर आल्तिनवरची नोंद जूनमध्येच करून टाका. जुलैत सगळा देश सुट्टीवर जातो आणि बँकेत कामं रेंगाळतात.